तंबोऱ्यामागचे पाय

गाण्याच्या मैफलीत तंबोरा धरून बसलेल्या बाईकडे कोणी बघत नाही. लोक गायिकेचं कांजीवरम बघतात, तिच्या नाकातले हिरे बघतात, मृदंगवाल्याच्या कपाळावरचा घाम बघतात, आणि ते सगळं बघून झालं की शेजाऱ्याला विचारतात, आज कँटीनला काय आहे हो? तंबोरेवाली म्हणजे मागची भिंत. भिंत हलली तरच माणसं मान वर करतात.

सकवारबाई मद्रासच्या सभांमधून अशी भिंत होऊन वीसेक वर्षं बसली. तिकडं सभा म्हणजे भाषणाची नव्हे. गाण्याचे कार्यक्रम भरवणाऱ्या संस्थेला सभा म्हणतात. मार्गळी महिना, म्हणजे आपला डिसेंबर लागला की त्या शहराला गाण्याचा ताप चढतो. एरवी शेजारणीशी धड न बोलणारी माणसं त्या महिन्यात कल्याणी आणि तोडी या रागांविषयी घरच्या सुनांसारखं बोलू लागतात. कुठली बिघडली, कुठली सुधारली, कुणी तिला बिघडवली.

घराणं तंजावरचं. कुठल्याशा पूर्वजानं भोसल्यांच्या फौजेबरोबर घोडा दक्षिणेत घातला, तो घोडा काही परत फिरला नाही, आणि पुढं पिढ्यान्‌पिढ्या ही माणसं कावेरीचं पाणी पिऊन मराठी बोलत राहिली. मराठी अशी, की पुण्याच्या माणसाला वाटावं, कोणीतरी बखर वाचतंय आणि मधूनच सांबार वाढतंय. नवरा वेंकोबाराव अंबत्तूरच्या एका कारखान्यात टाइमकीपर. बिऱ्हाड वेस्ट मांबलमला, दुसऱ्या मजल्यावर. एकुलती लेक मीनाक्षी लग्न होऊन अमेरिकेत कनेक्टिकटला गेलेली. वेंकोबारावांना ते नाव शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही. ते "मीनाक्षीचा गाव" म्हणत आणि सुटत.

"तंबोरा वाजवायला काय लागतं? चार तर तारा!" असं म्हणणारे महाभाग सकवारबाईला प्रत्येक लग्नात भेटत. ती त्यांना नुसती नजरेनं सोलून काढी. चार तारा छेडायला बोटं लागतात हे खरं, पण ती कुणालाही शिकवता येतात. बसणं शिकवता येत नाही. फणसाच्या लाकडाचा तो उंच तंबोरा उजव्या मांडीवर उभा धरायचा, आणि पडदा वर गेल्यापासून शेवटचं मंगलम होईपर्यंत मांडी हलू द्यायची नाही. मांडी हलली की तंबोऱ्याचा शेंडा वाऱ्यातल्या माडासारखा डुलतो, आणि तो शेवटच्या रांगेतल्या झोपलेल्या म्हाताऱ्याला देखील दिसतो. सकवारबाईचा शेंडा वीस वर्षांत डुलला नव्हता. माशी नाकावर बसली तरी माशीच कंटाळून उडून जाई.

ती बसे अलमेलूच्या मागे. अलमेलू मोठी गायिका. याविषयी दुमत नको. तिचा गळा म्हणजे देवानं फुरसतीत केलेलं काम होतं. मन मात्र त्यानं जेवायच्या घाईत केलं असावं. रंगमंचाबाहेर ती म्हणे, "सकवार मागे असली की मला पाठ असते." रंगमंचावर ती व्हायोलिनवाल्याची ओळख करून देई, मृदंगाची देई, मडकं वाजवणाऱ्या घटमवाल्याची देई, आणि पाठीची ओळख करून द्यायचं राहूनच जाई. सकवारबाईला त्याचं काही नव्हतं. तिला ती जागा हवी होती. गायिकेच्या मागची, जरा डावीकडची, जिथून स्वर सुरू होण्याआधी गायिकेच्या खांद्यात भरणारा श्वास दिसतो, ती जागा.

आणि ती जागाच गेली. कशी गेली, ते ऐकण्यासारखं आहे.

नव्वद सालच्या उन्हाळ्यात ती मीनाक्षीच्या बाळंतपणाला अमेरिकेला गेली. मीनाक्षीच्या घरामागं हिरवळ, हिरवळीपुढं गुडघाभर गवत, त्यापलीकडं झाडी. सकवारबाईनं ऊन पाहिलं आणि तिच्यातली तंजावरची बाई जागी झाली. आपल्याकडच्या कुरडईचा भाऊ म्हणजे तिकडचा वडाम. तिनं तांदळाचं पीठ शिजवलं, जुनं लुगडं गवतावर पसरलं आणि त्यावर वडाम घातले.

"अम्मा, अगो घरात ओव्हन आहे!" मीनाक्षी ओरडली.

"ओव्हनमध्यें ऊन मिळतें का?"

ऊन मिळालं. राखण मात्र करायला हवी, म्हणून बाई गवतात फतकल मारून बसली. कावळे नव्हतेच. झाडीतून हरणं यायची आणि वडामांकडं टक लावून बघायची. "कावळ्याचें काम हरणाला! देशच उफराटा," असं म्हणून तिनं त्यांना हातातली काठी दाखवली. शेजारची गोरी बाई कुंपणावरून काहीतरी सांगत होती, गवतात बसू नका अशा खुणा करत होती. सकवारबाईला वाटलं, वडाम मागतेय. तिनं दोन मूठ देऊन टाकले.

मद्रासला परतल्यावर चार दिवसांत डाव्या पायाच्या मागं, गुडघ्याच्या जरा खाली, एक लाल चकती दिसली. दुखेना, खुपेना. हळूहळू पसरली आणि मधून फिकी होऊन तिचं कडं झालं. अंगात कसकस होती, पण विमानातून आलेल्या माणसाला कसकस असायचीच, असं घरात ठरलं.

ठरवणारी होती सीतालक्ष्मी, वेंकोबारावांची बहीण. जगात तिला न कळणारा रोग निघायचा होता.

"वैनी, ही अक्की," तिनं बघताक्षणी निकाल दिला.

अक्की म्हणजे आपली नागीण. तमिळ मुलखात तिच्यावर डॉक्टर नाही, कुंभार लागतो. गेरूसारख्या तांबड्या मातीत काडी बुडवून कुंभार त्या पुरळावर सिंहाचं चित्र काढतो, आणि सिंहाला भिऊन अक्की पळते. तंजावरी मराठी माणसं देव मराठीतून आळवतात, पण अक्कीच्या वेळी कुंभाराकडंच जातात. तसा रिवाज आहे.

"वन्स, पण नागीण ठणकती. हें तर ठणकत नाहीं."

"अमेरिकेची अक्की आहे. तिकडची माणसें मऊ, रोगही मऊ."

मग काय, सैदापेटच्या बाजूला एक कुंभारीण होती, तिच्याकडं वरात निघाली. म्हातारीनं हौसेनं सिंह काढला. कड्याच्या आत डोकं, बाहेर शेपूट, आयाळ पोटरीभर. वर ताकीद दिली, की रंग सुकून आपोआप झडेपर्यंत धुवायचा नाही. फिका पडला की सीतालक्ष्मी पुन्हा घेऊन जायची. मधे एकदा वेंकोबारावांनी कोपऱ्यावरच्या डॉक्टरला पाय दाखवला. त्याला काय दिसणार? सिंह! तो हसला आणि तापाची गोळी लिहून मोकळा झाला.

महिन्याभरात कडं गेलं. तसं ते जाणारच होतं. आपल्या पायांनी आलं, आपल्या पायांनी गेलं. पण सीतालक्ष्मीनं नात्यातल्या झाडून सगळ्यांना सांगितलं, की अमेरिकेत ज्याचं औषध नाही ते आम्ही मातीनं घालवलं. सिंहाची कीर्ती थेट कुंभकोणमपर्यंत गेली. रोग मात्र आतच होता. चित्र पुसलं तेव्हा दाखवायला काहीही उरलं नव्हतं.

नोव्हेंबरात डावा गुडघा सुजला. नारळाएवढा. आठवडाभर राहिला, उतरला, पुन्हा आला. त्याच्या जोडीला दुसरंच एक सुरू झालं. दिवसभर पाय कामाला चांगले, पण दिवेलागण झाली आणि बाई जरा टेकली, की पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळायला लागे. दुखणं नव्हे. खाज नव्हे. पडदा उघडायला उशीर झाला म्हणजे थिएटरातलं पब्लिक कसं पाय आपटायला लागतं, तसं हाडांच्या आत कोणीतरी पाय आपटत असे. उठून चाललं की एकदम शांत. बसलं की पुन्हा दंगा.

त्या सुमारास तिनं जे वैद्य-डॉक्टर पाहिले त्यांची एक नाटक मंडळी सहज उभी राहिली असती. सगळे नायकाच्याच भूमिकेत. एक म्हणाला वय झालं. एक म्हणाला बायकांना या वयात असं होतं, आणि 'असं' म्हणजे कसं ते विचारल्यावर चिडला. एकानं डोळ्यांत खोल बघून विचारलं, "लेक लांब असते ना? मनाला लागलंय."

"मनाला लागलें असतें तर मन हललें असतें," सकवारबाई म्हणाली. "पाय कां हलतात?"

"मुंग्या येतात का?"

"मुंग्या बऱ्या. त्या कुठेंतरी जातात तरी!"

डॉक्टरनं झोपेची गोळी दिली. गोळीनं बाई झोपली, पाय जागेच राहिले.

मार्गळी आली. अलमेलूची मुख्य मैफल शहरातल्या एका बड्या सभेत, संध्याकाळच्या मानाच्या वेळेला. पहिली रांग जरीची, दुसरी रांग निवृत्त न्यायाधीशांची, तिसऱ्या रांगेपासून खरे कान. सकवारबाईनं दुपारपासून पोटऱ्यांना फडकी करकचून बांधली होती आणि हुशारी यावी म्हणून दोन लोटे फिल्टर कॉफी पोटात रिचवली होती. कॉफीनं हा दंगा वाढतो, हे तिला कोण सांगणार? मद्रासमध्ये कॉफीविरुद्ध बोलणाऱ्याला घर भाड्यानं मिळत नाही.

छोट्या चिजा निभावल्या. मग अलमेलूनं तोडीचा आलाप सुरू केला. संथ, खोल, विहिरीत घागर सोडावी तसा. आणि सकवारबाईच्या पोटरीत पब्लिक उठलं. तिनं दात आवळले, पायाची बोटं गादीत रुतवली, मनातल्या मनात मांबलमपासून समुद्रकाठच्या किल्ल्यापर्यंत चालून आली. पाय ऐकेनात. तंबोऱ्याचा शेंडा डुलला. पुन्हा डुलला. व्हायोलिनवाल्यानं भुवई वर केली. अलमेलू मंद्रातल्या षड्जावर टेकणार, सगळं सभागृह श्वास धरून बसलेलं, आणि त्याच क्षणी सकवारबाईचा डावा पाय तिला न विचारता बाणासारखा सरळ सुटला आणि पाऊल थेट अलमेलूच्या पाठीवर, कांजीवरमच्या काठावर जाऊन आदळलं.

पाय! गाणाऱ्या माणसाला पाय, रंगमंचावर पाय, समोर सरस्वतीची तसबीर! पहिल्या रांगेनं "अय्यय्यो" म्हटलं, न्यायाधीश जागे झाले. अलमेलूचा षड्ज घसरून कुठं पडला ते कोणाला सापडलं नाही. तंबोरा तेवढा सकवारबाईनं खाली पडू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सभेचे सेक्रेटरी अंगवस्त्र सावरत मांबलमचा जिना चढून आले. बरोबर गडी, गड्याच्या हातात पुठ्ठ्याची पेटी. पेटीत रेडिओसारखं एक यंत्र. बटण फिरवलं की ते तंबोऱ्यासारखं घुंई घुंई करी.

"मामी, मनाला लावून घेऊ नका," सेक्रेटरी म्हणाले. "अलमेलू अम्मांनी यापुढं हेच पसंत केलंय. याला बसायला जागा लागत नाही, धन्यवाद लागत नाहीत."

"पाय नाहींत ना ह्याला?" सकवारबाईनं विचारलं.

"नाहीत हो," सेक्रेटरी हसले. त्यांना वाटलं बाई विनोद करतेय.

"तर मग तुमच्या सभेचा अध्यक्ष करा. बसून गुणगुणायचेंच काम आहे."

सेक्रेटरींनी हातातला कॉफीचा पेला न पिताच खाली ठेवला आणि पेटी उचलायला गड्याला सांगितलं. ते गेल्यावर मात्र बाई स्वयंपाकघरात गेली आणि रिकाम्या चुलीशी बराच वेळ उभी राहिली. बसणं तर शक्य नव्हतं, सांजावलं होतं.

पुढचे महिने तिनं चालून काढले. रोज संध्याकाळी वेंकोबाराव तिच्याबरोबर निघत. त्यांचे तळवे सपाट, चाल बदकाची, आणि तोंडानं अखंड कुरकुर. "आम्ही लग्न केलें तें संसाराला, का शर्यतीला?" असं म्हणत ते दुरैसामी रोडला वळत. ती पुढं, ते मागं, तिच्या हातात त्यांची छत्री. भाजीवाल्या बायका म्हणत, मामा-मामी भांडून निघाले. कोणी थांबवून चौकशी केली तर सकवारबाई म्हणे, "पाहुणे आहेत पायांत, त्यांना गाव दाखवतें." नात्यातली माणसं घरी येऊन हळहळत, आणि हळहळता हळहळता विचारत, की पाय अलमेलूला नेमका कुठं लागला. सीतालक्ष्मीनं तर पुन्हा कुंभारणीकडं जायचं सुचवलं.

"वन्स, ह्या खेपेला हत्ती काढायला सांगा. सिंहाचा पगार फुकट गेला."

मग एके सकाळी मीनाक्षीचा फोन आला. बाळाच्या खोकल्याविषयी बोलता बोलता ती म्हणाली, शेजारची गोरी बाई सहा महिने गुडघा धरून बसली होती. गवतातली बारकी गोचीड चावून होतो तो रोग निघाला. हरणांच्या अंगावरची गोचीड.

"अम्मा, तुला कधी पायावर लाल कडं आलं होतं का? गोल, मधून फिकं?"

सकवारबाईनं आपली डावी पोटरी चाचपली. मग म्हणाली, "आलें होतें."

"मग डॉक्टरला दाखवलं नाहीस?"

"दाखवलें. पण त्याच्यावर सिंह बसला होता."

सिंहाचा खुलासा परदेशच्या फोनवर करायला जो वेळ लागला, तेवढ्यात मीनाक्षी एकदा रडली आणि दोनदा हसली. रोगाचं नाव तिनं सांगितलं, लाइम. वेंकोबारावांनी कान लावून ऐकलं आणि लिंबू बंद करावं का, असं विचारलं.

हे नाव घेऊन नवरा-बायको डॉक्टर अनंतकृष्णांकडं गेले. सांध्यांचे मोठे तज्ज्ञ. दाराबाहेर माणसांची रांग, टेबलावर पितळेचा गणपती. त्यांनी नाव ऐकलं आणि चष्मा काढला.

"तो रोग इथं होत नाही."

"मला इथे झालाच नाहीं," सकवारबाई म्हणाली. "लोक तिकडून अत्तर आणतात, टेपरेकॉर्डर आणतात. मीं हा आणला. विमानतळावर कोणी जकात मागितली नाहीं म्हणून खरा नव्हे का?"

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा चढवला. मग त्यांनी ते केलं, जे आधीच्या एकाही नायकानं केलं नव्हतं. खुर्ची ओढून जवळ बसले आणि म्हणाले, "पहिल्यापासून सांगा." तिनं सांगितलं. वडाम, हरणं, कडं, सिंह. सिंहाशी आल्यावर ते पोट धरून हसले. पण हसून झाल्यावर रक्त घेतलं, तपासायला परदेशी पाठवलं, आणि उत्तर आलं तेव्हा रोग तोच निघाला, आपण चूक ठरलो, हे पाहूनही त्यांना राग आला नाही. अशी माणसं क्वचित असतात, म्हणून सांगायचं. महिनाभराच्या गोळ्या झाल्या. गुडघा उतरला तो उतरलाच. कसकस गेली. सकवारबाईला वाटलं, सुटलें. या मार्गळीला अलमेलूच्या मागं!

तिनं संध्याकाळी तंबोरा मांडीवर घेतला. दिवा लागला आणि पोटरीत पब्लिक उठलं.

ती डॉक्टरांकडं गेली ती भांडायलाच. "अर्धेंच औषध दिलेंत?"

"मामी, हे दुसरं दुखणं आहे, पायांच्या बेचैनीचं," अनंतकृष्ण म्हणाले. "तुमच्या आईला होतं का असं?"

सकवारबाईला आठवलं. आई संध्याकाळी कीर्तनाला कधी बसत नसे. खांबाशी उभी राहून एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत ऐके. सासू म्हणे, हिला देवापुढंही धीर नाही. आयुष्यभर बिचारीनं ते ऐकून घेतलं.

"होतें," ती म्हणाली. "आणि आम्ही सगळीं हसायचों."

"हे घराण्यात असतं. कोणी म्हणतं तुमच्या त्या रोगानं चिघळलं, कोणी म्हणतं नाही. मला ठाऊक नाही, खोटं कशाला सांगू? दोन भाडेकरू होते तुमच्या घरात. एकाला आपण बाहेर काढला. हा दुसरा जुना आहे, निघणार नाही. त्याला वागवून घ्यायचं."

रक्तात लोह कमी निघालं, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. चालणं, चोळणं, झोपेआधी गार पाणी. आणि कॉफी? डॉक्टरांनी खाली बघत सांगितलं, सकाळची एक, बस्स. वेंकोबारावांचा चेहरा पडला, जणू शिक्षा त्यांनाच झाली. त्यांनी बायकोच्या सोबतीनं कॉफी सोडल्याचं जाहीर केलं आणि रोज संध्याकाळच्या फिरण्यात "जरा पान घेऊन येतों" म्हणून स्टेशनजवळच्या हॉटेलात शिरू लागले. परतल्यावर दोन हात लांब चालायचे. सकवारबाई वास घेई आणि चालू लागे. काही काही ढोंगं इतकी प्रेमळ असतात, की त्यांना पकडणं म्हणजे दुष्टपणा.

भाडेकरूच्या सवयी तिनं नीट पाहून ठेवल्या. सकाळी तो झोपलेला. दुपारी झोपलेला. सूर्य कलला की उठायचा. औषधानं आवाज खाली आला, पण वेळ चुकली नाही. म्हणजे संध्याकाळची बैठक संपली. आणि अलमेलू तर संध्याकाळखेरीज गात नव्हती. मोठ्या गायकाला दुपारी गायला सांगणं म्हणजे राजाचं काम करणाऱ्याला भालदार हो म्हणण्यासारखं.

दुपारची वेळ असते ती ज्यांना कोणी विचारत नाही त्यांची. तिकीट नाही. श्रोते म्हणजे जेवून पंख्याखाली आलेले चार पेन्शनर आणि गाणाऱ्याची मावशी. अशा दुपारी दर वर्षी गायची राजसबाई. तीही तंजावरच्याच मराठी माणसांपैकी, एका शाळेत गाणं शिकवणारी, चाळिशी उलटलेली, आवाज स्वच्छ पण सेक्रेटरींना नमस्कार करण्याची कला अवगत नसलेली. तिला तंबोरा धरायला कोणी मिळत नसे. त्या वर्षी ती मांबलमच्या जिन्यात येऊन उभी राहिली, आत यायला संकोचत.

"अक्का, तुम्हांला विचारायची माझी पायरी नव्हें..."

"किती वाजतां?"

"दुपारीं दोन."

"आंत ये. पायरीवर काय उभी राहतेस? मला पायऱ्यांचें सांगूं नको, माझे पाय जगजाहीर आहेत."

मैफलीच्या दिवशी सभागृहात मोजकी डोकी. त्यांतलीही काही कँटीनच्या दाराकडं वळलेली. सकवारबाई रंगमंचावर चढली, मांडी घातली, तंबोरा उभा केला. वर्षभरानं. पोटरीत काही नव्हतं. राजसबाईच्या खांद्यात श्वास भरताना तिला दिसला. मग शंकराभरणम् हा राग आला, भाव न खाणारं, उगाच डोळे न मिटणारं गाणं. शेंडा हलला नाही. भाडेकरू घोरत होता. पंख्याखालचा एक पेन्शनर जागा झाला, आजूबाजूला बघितलं, आणि जागाच राहिला. दुपारच्या वेळी याहून मोठी दाद मद्रासमध्ये मिळत नाही.

त्याच रंगमंचावर संध्याकाळी अलमेलू होती. माइक बघायला ती लवकर आली होती आणि बाजूच्या पडद्याआड उभी राहून शेवटचा भाग तिनं ऐकला होता. मंगलम झाल्यावर ती पुढं आली. राजसबाईकडं बघितलंही नाही.

"सकवार! बरी झालीस म्हणायची. ते यंत्र म्हणजे पाठीमागं डास. संध्याकाळी तूच बैस. साडी बदलून ये."

जणू वर्ष मधून गेलंच नव्हतं. सेक्रेटरी मागं उभे राहून मान डोलवत होते. ही मान कालपर्यंत दुसऱ्या बाजूला डोलत होती. सकवारबाईच्या घशाशी 'हो' आलं होतं. वर्षभर तिनं चालता चालता हेच वाक्य ऐकलं होतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. कदाचित आज पाय गप्प राहिलेही असते. कदाचित.

"संध्याकाळीं माझे पाय माझे नसतात, अलमेलू."

"अग, थोडं सहन कर!"

"गेल्या वर्षीं सहनच केलें. तें तुझ्या पाठीला विचार." अलमेलूचा हात नकळत पाठीकडं गेला. "सकाळीं गा, दुपारीं गा, तुझ्यामागें अंगठ्याएवढीही हलणार नाहीं. जीव ओवाळून बसेन. दिवा लागल्यावर नाहीं."

"मी? दुपारी?" अलमेलू हसली. तिच्या हसण्यातही सूर होता, आणि तेच वाईट. "या रिकाम्या खुर्च्यांपुढं?"

"खुर्च्यांना तोडी आवडती. त्या मधेंच डोसा खायला उठत नाहींत."

अलमेलूनं खांदे उडवले आणि माइककडं वळली. सेक्रेटरींनी पेटी मागवली. सकवारबाईनं तंबोऱ्यावर गवसणी चढवली, अवघडून उभ्या असलेल्या राजसबाईच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "पुढच्या वर्षीं तोडी गा. चांगली येईल तुला."

संध्याकाळी सभागृह तुडुंब भरलं. सकवारबाई घरी गेली नव्हती. शेवटच्या रांगेच्या मागं, भिंतीकडेनं, ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश येरझारा घालत अलमेलूचं गाणं ऐकत होती. यंत्र घुंई घुंई करत होतं. गळा मात्र, मान्य करायलाच हवं, अजून देवाच्याच हातचा होता. एका वळणावर तर बाईनं डोळे पुसले, पण चालणं थांबवलं नाही.

दारावरचा सभेचा स्वयंसेवक पुढं आला. "मामी, एक खुर्ची रिकामी आहे. बसा ना."

"नको रे," सकवारबाई म्हणाली. "माझें बसायचें काम दुपारींच उरकलें."